कुजबुज, अस्पष्ट

६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकिटावर तू पत्ता इतका ठसठशीत लिहितेस की पोस्टमनने जिन्यातच थांबवून विचारलं, या बाई शाळेत फळ्यावर लिहायच्या का म्हणून. मी सांगितलं की आमची आत्या तीस वर्षं कापडगिरणीत मागावर होती, आणि तिथल्या खडखडाटात कान गेल्यापासून तिला वाटतं की बाकीच्यांचे डोळेही गेलेत.

बातमी अशी की मला नोकरी लागली. टीव्हीच्या एका कंपनीत पडद्याखालच्या ओळी लिहायच्या. कानाला हेडफोन लावायचा, माणसं बोलतात ते ऐकायचं आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खाली टाइप करायचं. म्हणजे तुझ्यासाठीच म्हण ना. आम्ही चौघीजणी आहोत, प्रत्येकीला काचेची एकेक खोली, कपाटापेक्षा थोडी मोठी. पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली. कोणत्या कार्यक्रमाचं काम करते आणि त्यात काय होतं, हे घरच्यांनाही सांगायचं नाही. तेव्हा खोदून खोदून विचारू नकोस.

आता आपल्या मुख्य विषयाकडे. टीव्हीवरच्या 'बारा दारं'मध्ये आता नऊच जण उरले. या रविवारी कुणाच्या दाराला कुलूप लागणार, म्हणजे घरी कोण जाणार? माझ्या मते जिमवाल्याच्या. दंड फुगवून किल्ली जिंकता येते, पण मतं मिळत नाहीत. तू नेहमीप्रमाणे माझ्याशी वाद घालशीलच.

बाबा-आई बरे आहेत. तू गेल्या वर्षभरात एकदाही आली नाहीस, असं बाबा परवा म्हणत होते.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
खारू

१३ जानेवारी

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरीचं वाचून जीव भांड्यात पडला. लहानपणी पेन्सिली कुरतडून तू नाव कमावलंस, आता लिहून पोट भरणार, हे बरंच झालं. मी काहीएक विचारत नाही. फक्त 'बारा दारं'च्या ओळी ज्या कुणी बाई लिहीत असतील त्या तुला कधी जिन्यात भेटल्या, तर सांग की ओळी फार पळतात. मी चष्मा पुसेपर्यंत माणसाचं भांडण होऊन समेटही झालेला असतो.

आणि तुझ्या जिमवाल्याचं काय झालं गं? बसलाय की आरामात! रविवारी कुलूप लागलं ते आचाऱ्याच्या दाराला. मी शनिवारचा भाग संपताच खालच्या हॉलमध्ये सर्वांसमोर सांगितलं होतं की उद्या आचारी जाणार. कुणी मनावर घेतलं नाही. रविवारी मात्र सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

तू वकिलीणबाईंकडे लक्ष देत नाहीस, तिथे चुकतेस. ती स्वतः कधी सुरी उचलत नाही. दुसऱ्याच्या हातात देते, आणि वर बोट कापून घेऊ नकोस म्हणून काळजीही करते. आचाऱ्याने इतके दिवस तिला गरम गरम खाऊ घातलं, आणि तिनेच त्याच्याविरुद्ध चार मतं गोळा केली. मला तो सुतार आवडतो. आपली कपबशी आपण धुतो, कमी बोलतो, आणि हरला तरी खुर्ची जागेवर ठेवून उठतो. असा माणूस जिंकत नसतो, हेही मला कळतं.

आमच्या इमारतीत सगळे निवृत्त लोक, हे तुला माहीतच आहे. हॉलमध्ये एक टीव्ही आणि सतरा खुर्च्या. आजवर माझ्या शेजारी फक्त नर्सबाई बसायची, औषधाच्या खोक्यांच्या पाठीवर मजकूर लिहून मला दाखवायची. बाकीच्यांना लिहायचा कंटाळा. त्यांचं तरी काय चुकलं? पण काल पोस्टमास्तर स्वतः उठून माझ्याकडे आले आणि पुढच्या आठवड्याचं विचारून गेले.

तुझ्या बाबाला म्हणावं, गुडघे बरे झाले की येईन.

जेवणाची आबाळ करू नकोस. म्हातारीला विसरू नकोस.

तुझी
आत्या

१६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आंधळ्याचा नेम एकदा लागला म्हणून लगेच कॉलर ताठ करायची नसते! आचारी जाणार हे तुला कसं कळलं ते सांग बघू. माणसं ओळखण्यात तीस वर्षं गेली, असलं मोघम उत्तर चालणार नाही.

सुताराबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच्याकडे या आठवड्याची किल्ली आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे. ती किल्ली त्याने विमानवालीला देऊन टाकायला हवी होती. सुताराला तसंही कुणी हात लावणार नव्हतं, आणि ती जन्मभर उपकारात राहिली असती. दोघांची जोडी झाली की वकिलीणबाईंचं गणित कोलमडलं असतं. पण साहेबांनी किल्ली खिशात घालून फळीला रंधा मारायला घेतला. त्यामुळे माझा अंदाज असा, की रविवारी विमानवाली जाणार.

काम अंगवळणी पडतंय. शेजारच्या काचेत एक ताई बसतात, त्यांना सहावा महिना लागलाय. दर तासाला त्या उठून दोन फेऱ्या मारतात, आणि तेवढ्या वेळात मी त्यांच्याही ओळी सांभाळते. त्या मला बिस्किटं देतात. एकूण सौदा फायद्याचा आहे.

उत्तर लवकर धाड. तुझ्या पत्राशिवाय आठवडा पुढे सरकत नाही.

तुझी
खारू

२७ जानेवारी

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विमानवाली कुठे आहे बघ. बसलीय नखं रंगवत! एकोणीस तारखेला गेले ते शाळेचे मास्तर, बुधवारी अचानक कुलूप लागलं ते नर्तकीला, आणि काल गेला तुझा जिमवाला. चारही वेळा मी आदल्या दिवशी सांगितलं. तू तीनदा लिहिलंस, पैकी एकदा बिचाऱ्याला दोन आठवडे आधीच घरी पाठवलंस. कालच्या रविवारसाठी तर शुक्रवारी खास कार्ड टाकून सुताराचं नाव कळवलंस. अगं, आठ वर्षांची असताना पत्त्यांत मला उघड्या डोळ्यांनी हरवायचीस. झालंय काय तुला?

आता इथली गंमत ऐक. माझी खुर्ची मधोमध आणली आहे. शनिवारचा भाग संपला की सगळे माझ्याभोवती जमतात आणि कागद पुढे करतात. पोस्टमास्तरांना रोज डबा आणणाऱ्या त्यांच्या सुनेने माझा अंदाज फोनवर टाकला, 'आमच्या इमारतीतल्या आजी कधी चुकत नाहीत' असं लिहून. म्हणे हजारो लोकांनी वाचला. काल तर लिफ्टमध्ये एक अनोळखी बाई मला वाकून विचारत होती की सुतार राहील का.

तुझ्यापासून काय लपवू? मला बरं वाटतंय. सात वर्षं मी या इमारतीत एखाद्या कुंडीसारखी होते. येता-जाता कुणी हसायचं, कधीतरी पाणी घालायचं. आता मी दारात दिसले की लोक खुर्ची ओढतात. या वयात एवढ्याने हुरळून जाणं शोभत नाही, पण हुरळले आहे खरी.

बिस्किटांवर जगू नकोस. शेजारच्या ताईंना फेऱ्या मारताना जिना टाळायला सांग.

आशीर्वाद आहेतच, वर थोडे जास्तीचे.

तुझी
आत्या

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचताना बसून घे.

काल विभागप्रमुख बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पोस्टमास्तरांच्या सुनेने टाकलेला मजकूर छापून ठेवला होता. पाचपैकी पाच अंदाज बरोबर, बुधवारचं अचानकचं कुलूपसुद्धा. त्याची कल्पना तर घरातल्या स्पर्धकांनाही नव्हती. बाईंनी शांतपणे विचारलं की या इमारतीत माझं कुणी राहतं का. मी हो म्हणाले. खोटं बोलता आलं नाही.

तू ओळखलंच असशील. मी 'बारा दारं'चंच काम करते. प्रत्येक भाग मी आठ दिवस आधी बघते. तुला हे सांगता येत नव्हतं, आणि आपल्या पत्रांतून एकदम हा विषय गेला असता तर तुला लगेच संशय आला असता. म्हणून मी दर वेळी मुद्दाम चुकीचं नाव लिहिलं. मला वाटलं, ही मोठी हुशारी झाली. पण तू मला ओळखतेस. मी सारखी चुकते याचाच अर्थ तू लावलास, हो ना? मी ज्याचं नाव घेतलं तो सोडून बाकीच्यांत शोधायचं, एवढं तुला पुरलं. म्हणजे गुपित माझ्याच हाताने फुटलं.

मला आणि शेजारच्या ताईंना, दोघींनाही घरी बसवलंय. तो भाग आम्ही मिळून करतो, म्हणून त्यांच्यावरही संशय. त्यांना हे काम गेलं तर या अवस्थेत दुसरीकडे कोण घेणार? त्या काल डबा पिशवीत भरून निघून गेल्या. पंधरा तारखेच्या आत खरं काय ते सांगा, असं बाईंनी बजावलंय. मी सगळा दोष माझ्या अंगावर घेणार आहे. माझी नोकरी जाईल, पण ताईंची राहील.

तुझ्यावर राग नाही गं. तुला कल्पनाच नव्हती. फक्त एकदा मला लिहून कळव की तू माझ्या पत्रांवरूनच ओळखत होतीस, म्हणजे मी बाईंना ठामपणे सांगू शकेन.

तुझी
खारू

६ फेब्रुवारी
(तातडीच्या टपालाने)

चि. खारूस,
आशीर्वाद.

बाईंना काही सांगू नकोस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि तू तर चोरसुद्धा नाहीस.

तुझ्या चुकांचा अर्थ मी लावला नव्हता. मला खरंच वाटलं होतं की नोकरीच्या ताणाने तुझं डोकं चालेनासं झालंय. मला कळत होतं ते वेगळ्याच वाटेने, आणि ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मागखात्यात दोनशे माग एकदम चालत. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. आम्ही बायका ओठांनी बोलायचो, आवाज न काढता. चार माग पलीकडची बाई काय म्हणतेय ते मला दिसायचं. मला ऐकू येत नाही हे खरं, पण ज्याचं तोंड मला दिसतं त्याचं बोलणं मी वाचते. 'बारा दारं'मधली माणसं छातीवरचा माइक मुठीत धरून काचेआड कट शिजवतात ना? वर संगीत चालू असतं, आणि खाली तू 'कुजबुज, अस्पष्ट' असं लिहितेस. मी नेमकी तेव्हाच चष्मा पुसून बसते. बुधवारचं म्हणशील, तर मंगळवारी सूत्रसंचालक कुणाशी तरी बोलत होता, ते मागच्या आरशात दिसलं.

गिरणीत एक नियम होता. दुसऱ्या मागावरचं बोलणं दिसलं तर गिळायचं. एकीने ते बाहेर नेलं, तर वर्षभर कुणी तिच्याकडे तोंड करून बोललं नाही. ती दिसली की सगळ्या पाठ फिरवायच्या. शेवटी तिने गिरणी सोडली. मी तो नियम मोडला. लोक मला चाणाक्ष म्हणाले आणि मी म्हणू दिलं.

तू विचारशील की हे घरच्यांपासून का लपवलं. ऐक. मी तुमच्याकडे राहत होते, तू नऊ वर्षांची होतीस. एकदा जेवताना तुझा बाबा तुझ्या आईला म्हणाला की हिच्याशी ओरडून ओरडून जीव जातो, हे ओझं किती वर्षं वाहायचं. मी समोरच बसले होते. त्याने आवाज खाली आणला होता, पण ओठ झाकायला विसरला. आणि तू, तोंडात पावाचा एवढा मोठा घास, त्याला म्हणालीस की आत्याला माझा पलंग देऊ, मी खाली झोपेन. घास असूनही मी अक्षर न् अक्षर वाचलं. तुझा बाबा वाईट नाही. थकला होता. थकलेल्या माणसाचं सगळंच खरं धरायचं नसतं. पण मला वाचता येतं हे त्याला कळलं असतं तर तो जन्मभर माझ्यासमोर मान वर करू शकला नसता. म्हणून गप्प राहिले, आणि पुढे कित्येक वर्षांनी या इमारतीत खोली मिळताच निघाले. तुझे शब्द मात्र बरोबर घेऊन आले.

आता काय करायचं ते सांगते. सोबत विभागप्रमुख बाईंच्या नावाने पत्र आहे, ते नेऊन दे. त्यात लिहिलंय की माणसं पाठवा, कुणीही न बघितलेली चित्रफीत आणा, आवाज बंद करा आणि माझी परीक्षा घ्या. तीही इथेच, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. बोभाटा जिथून झाला तिथेच तो मिटला पाहिजे, नाहीतर मागाहून कुणी म्हणेल की आतून संगनमत झालं.

याचा अर्थ काय होतो हे मला कळतं. सात वर्षं ही मंडळी माझ्यासमोर मनात येईल ते बोलत आली, ही काय ऐकणार म्हणून. त्यांना कळेल की मी सगळं वाचत होते. मधोमध आणलेली खुर्ची तर जाईलच, कोपऱ्यातलीही राहील की नाही कोण जाणे. नर्सबाईचं काय होईल याचाच विचार करते आहे.

पण तुझा आणि त्या पोटुशा बाईचा घास जात असताना मी खुर्ची सांभाळत बसू? पत्र आजच्या आज पोचव.

तुझी
आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोघीही कामावर रुजू झालो!

परीक्षा घेऊन तुझ्याकडून आलेल्या दोघांनी बाईंना जे सांगितलं ते आता सगळ्या मजल्यावर पसरलंय. सहा तुकडे आणले होते, आवाज बंद. पाच तू घडाघडा वाचलेस. एक तर नंतर आम्हा चौघींना ऐकवला, चार वेळा ऐकूनही कळला नाही, आम्ही 'अस्पष्ट' लिहून सोडून दिला असता. सहाव्यात विमानवाली कोपऱ्यात बसून आईशी फोनवर रडत होती. तो तू वाचायला नकार दिलास. हे घरचं आहे, एवढंच म्हणालीस म्हणे. त्यातला एकजण सांगत होता की त्या क्षणी त्याला शरमल्यासारखं झालं. तो तुकडा आता कार्यक्रमातून काढणार आहेत.

ताईंनी माझ्या टेबलावर बिस्किटांचा अख्खा डबा ठेवला आणि म्हणाल्या की बाळाला आधी आत्याच्या पायावर घालणार. विभागप्रमुख बाईंनी विचारलंय की अस्पष्ट जागा भरायला तू अधूनमधून येशील का. मी सांगितलं, विचारून बघते, पण उत्तर मला आधीच माहीत आहे.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं. दाखवावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, चुकलं असेल तर रागाव. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घातली. मग मला विचारलं की आत्या घरातून गेली त्या दिवशी तिने काही बोलून दाखवलं होतं का. मी म्हटलं नाही. ते म्हणाले की मी येत्या आठवड्यात तिच्याकडे जातो, आणि तिच्यासमोर बसून जे बोलायचं ते बोलतो. येतील. त्यांच्या ओठांकडे नीट बघ, ते फार पुटपुटतात.

पलंगाचं मला काहीच आठवत नाही. पण मी तसं म्हणाले होते हे कळल्यापासून मला स्वतःबद्दल बरं वाटतंय.

हॉलमध्ये काय चाललंय ते तू लिहिलं नाहीस. लिही. खोटं नको.

तुझी
खारू

२४ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बाबा बुधवारी येऊन गेला. समोर बसला, पुटपुटला, रडला. मी त्याला म्हटलं की अक्षरं पुसट झाली, पुन्हा नीट म्हण. मग दोघंही हसलो. पुढचं आमच्या दोघांत राहू दे.

हॉलचं विचारतेस. परीक्षा झाली त्या दिवशी टाळ्या वाजल्या, आणि मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. मी बघत होते. पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला, त्यांच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. त्यानंतर मी हॉलमध्ये गेले की बोलणी थांबायची. कुणी भिंतीकडे वळून बोले, कुणी पदराआड. शनिवारचा भाग मी एकटीने बघितला. अंदाज कुणी विचारला नाही आणि मलाही सांगवला नसता.

नर्सबाई तर आठ दिवस खाली उतरलीच नाही. तुला सांगते. दोन वर्षांपूर्वी ती पोस्टमास्तरांना म्हणाली होती की या बाईजवळ बसणं म्हणजे कधी न संपणारी रात्रपाळी. मी तीन खुर्च्या पलीकडे होते. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा मी रोजच्यासारखा चहा ठेवला. तिला आता ते आठवलं असणार, आणि मला काय काय माहीत आहे याची ती उजळणी करत असणार, हे मला दिसत होतं. तिच्या दारावर जाऊन टकटक करायचा मला धीर झाला नाही.

काल शेवटचा भाग होता. मी मुद्दाम उशिरा गेले, की अंधार केलेला असेल आणि मागच्या मागे बसता येईल. दिवे सगळे लावलेले होते. नर्सबाई दारातच उभी होती. मला हाताला धरून आत नेलं, बसवलं आणि स्वतः समोर बसली. तोंडासमोर हात नाही, पदर नाही. विचारलं की मी त्या दिवशी काय म्हणाले ते तुम्ही वाचलं होतं का. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं की तरी दुसऱ्या दिवशी चहा का ठेवलात. मी सांगितलं की तू आली होतीस म्हणून ठेवला. त्यावर ती काय म्हणाली ते मला वाचता आलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

मग पोस्टमास्तर खुर्ची ओढत पुढे आले. त्यांना जाणून घ्यायचं होतं की त्यांनी सुनेच्या स्वयंपाकाबद्दल काय म्हटलेलं मी वाचलं आहे, आणि ते सुनेला सांगणार आहे का. सूनही आली, तिला सासऱ्यांबद्दलचं तेच विचारायचं होतं. मी दोघांनाही सांगितलं की गिळून टाकलंय, आता बाहेर निघायचं नाही. मग एकेक करत सगळेच आले. सतराच्या सतरा खुर्च्या माझ्याकडे वळल्या. कुणी सावकाश बोले, कुणी उगाच जबडा फाकवून, आणि मी सांगत होते की अहो, नेहमीसारखं बोला, कळतं मला. सात वर्षांचं बोलणं एका संध्याकाळी झालं. माझा घसा बसलाय, हे पत्र लिहायला तेवढं बरं.

त्या ताईंच्या बाळासाठी विणायला घेतलंय. मुलगा-मुलगी काहीही झालं तरी चालेल असा रंग निवडलाय. तुझी रजा झाली की ये. माझा पलंग तुला देते, मी खाली झोपणार नाही, दोघी मावू.

असाच जीव लावत राहा.

तुझी
आत्या

ता. क. 'बारा दारं' कोण जिंकलं ते उलट टपाली कळव. आता तुझ्या त्या कागदाची हरकत नसावी. सुताराचं काय झालं? मी पूर्ण वेळ टीव्हीकडे पाठ करून बसले होते.